लांबच्या फेरीचा डबा

आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे घडीताई म्हणतात. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, आणि गेली कित्येक वर्षं तिच्यासमोरचं दुसरं माणूस मी आहे. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, झटका द्यायचा, जवळ यायचं, आपले कोपरे तिच्या हातात द्यायचे, वाकून खालची कडा उचलायची. दिवसभर हेच. बोलणं होतं ते जवळ आल्यावर, तेही धुलाईयंत्राच्या ड्रमच्या आवाजाच्या वर ओरडून. त्यामुळे तिची हकीकत मला कधी एका बैठकीत कळली नाही. तुकड्या-तुकड्यांनी कळली. इथे मी ती सलग सांगते.

घडीताईचा नवरा ट्रक चालवायचा, लांब पल्ल्याचा. एकदा गेला की आठवडे-आठवडे घरी नाही, आणि आला की पहिला दिवस नुसता घोरत पडलेला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या पोटाने तक्रार सुरू केली. रस्त्यावरचं तिखट, तेलकट, तेही वेळी-अवेळी. डॉक्टर म्हणाले, पोट रिकामं ठेवू नका, हाताशी काहीतरी कोरडं असू द्या. दुकानातली बिस्किटं नेली तर त्यांनी आणखीच जळजळायला लागलं. मग घडीताईने आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या आजींना गाठलं. आजी पेशंटांसाठी साधी बिस्किटं करायच्या. लोणी, साखर, मैदा, बस्स. काम संपल्यावर घडीताई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची आणि बघून-बघून शिकली.

पहिला डबा तिने मोठ्या हौसेने भरला. ओव्हनमधून काढलेली बिस्किटं गरम-गरमच आत घातली आणि झाकण दाबून लावलं. वाऱ्याला जागा नको म्हणून. नवऱ्याने वाटेत डबा उघडला तर झाकणाला आतून घाम, वरच्या बिस्किटांचा लगदा आणि तळाशी हिरवी बुरशी. परत आल्यावर तो तिला म्हणाला, "कुत्र्यांना टाकली. त्यांनी वास घेतला आणि निघून गेली."

तिने हे आजींना सांगितलं तेव्हा आजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, भट्टीतून आलेल्या माणसाला कुणी लगेच पेटीत कोंडतं का? जाळीवर पसर, पार गार होऊ दे. हात लावून बघ, गार लागली तरी अजून थोडं थांब. मग भर."

पुढच्या खेपेला तिने नीट गार करून भरली, पण दोन प्रकारची एकत्र. त्याला दोन्ही लागायची ना. चहात बुडवायला कुरकुरीत, आणि गाडी चालवताना एका हाताने खायला मऊ, म्हणजे मांडीवर चुरा सांडत नाही. एकाच डब्यात शेजारी-शेजारी राहून कुरकुरीत होती ती सादळली आणि मऊ होती ती वाळली. नवरा आला तो तोंड वाकडं करूनच. मग दोन डबे झाले. मऊ बिस्किटांच्या डब्यात ती पावाची एक चकती ठेवायची. पाव वाळून लाकूड व्हायचा आणि बिस्किटं मऊ राहायची. कुरकुरीतांच्या डब्यात प्रत्येक थरावर कागद आणि एका कोपऱ्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी, ओल शोषून घ्यायला. तिसरी गोष्ट घरीच राहायची, ती म्हणजे फ्रीजरमधली पिठाची वळकटी. बटर पेपरमध्ये गुंडाळलेली, त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकं पिळून घट्ट केलेली. नवऱ्याचा ट्रक लावायच्या यार्डातून फोन यायचा, "पोचलो. गाडी लावून येतो." की ती वळकटी बाहेर काढायची, जरा नरम झाली की सुरीने चकत्या करायची आणि ओव्हन लावायची. तो जिना चढून येईपर्यंत सगळ्या मजल्यावर वास. त्यांची लेक लहान असताना त्याला बाबांचा वास म्हणायची. एकदा धावत जाऊन बापाला बिलगली आणि नाक दाबून मागे फिरली. "आई, हे ते बाबा नाहीत. यांना डिझेलचा वास येतो."

हे सगळं गोड वाटतं ऐकायला. पण लाँड्रीतलं काम करून घरी जाऊन ओव्हनसमोर उभं राहणं काय असतं, ते मला विचारा. आमच्याकडे बसायला जागाच नाही. धुणं संपलं की पिळणं, मग इस्त्रीचा रोलर, मग घड्या. रोलरची वाफ तोंडावर येते आणि खालची फरशी ओलीच असते कायम. संध्याकाळी पाय आपले आहेत की दुसऱ्या कुणाचे, असं होतं. नवरा निघायच्या आदल्या दिवशी घडीताई कामावर यायची तीच डोळे चोळत, आणि तिच्या हातांना लोण्याचा वास असायचा. मी म्हणायची, "अगं, दुकानातलं काहीतरी दे बांधून." ती म्हणायची, "त्यांना सोसत नाही." संपलं. वर्षानुवर्षं असंच चाललं. लेक मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. डबे बदलले, ओव्हन बदलला. बाकी तेच.

मग नवऱ्याचा डोळा गेला. एकदम नाही. उजव्या बाजूने कुणीतरी पडदा ओढत आणावा तसं व्हायला लागलं. त्याने कुणाला सांगितलं नाही, मान वळवून-वळवून गाडी चालवत राहिला. कंपनीच्या डॉक्टरांनी वर्षाच्या तपासणीत पकडलं. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी सांगितलं की गेलं ते परत यायचं नाही, राहिलेलं सांभाळा. दुसरा डोळा ठणठणीत होता, पण एका डोळ्यावर कुणी ट्रक चालवू देत नाही. त्याने गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घरी येऊन बसला.

पहिले काही दिवस घडीताईने त्याला फुलासारखं जपलं. गोडाधोडाचं केलं, दोन्ही डबे सारखे भरलेले ठेवले. "आयुष्यभर पळालेत बिचारे," मला म्हणाली, "आता बसू देत जरा." माझा नवरा त्याआधीच निवृत्त होऊन घरी बसला होता, त्यामुळे मला माहीत होतं पुढे काय ते.

तो बसला तो स्वयंपाकघरातच बसला. ओट्यासमोर खुर्ची टाकून. घडीताई पातेलं घेऊन वळली की हा मागून, "येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे, बस्स!" ती एकदा म्हणाली, "अहो, मी काय ट्रक आहे?" त्यावर तो हसला, आणि पुढच्या मिनिटाला परत तेच. सवयच ती, त्यालाही कळत नसावं. दिवसभर घरात एकटा, बोलायला कुणी नाही, म्हणून ही दारात पाऊल टाकते न टाकते तोच सुरू. आज दूधवाला उशिरा आला, खालच्या मजल्यावर पाण्याचं काय झालं, कुठल्या घाटात दरड पडल्याचं ऐकलं. ती चपला काढेपर्यंतही थांबायचा नाही. आणि मध्ये-मध्ये डबा उघडायचा. भूक असो-नसो. एक बिस्किट घ्यायचं, झाकण नुसतं वर टेकवायचं. लावायचं नाही. थोड्या वेळाने परत घ्यायचंच असतं ना! त्याने गाडीत कसे डबे सांभाळले असतील, देव जाणे. घरात मात्र दुसऱ्या दिवशी सगळी बिस्किटं सादळलेली. वर तोच म्हणायचा, "पूर्वीसारखी होत नाहीत गं तुझी."

लाँड्रीत मी बघत होते. घडीताई बारीक होत चालली होती. घडी घालताना जवळ आली की बोलायचीही नाही, नुसते कोपरे हातात घ्यायची. एकदा मी विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "झोप होते गं. पण विसावा होत नाही."

मग तो दिवस आला ज्या दिवशी आमचं पिळायचं यंत्र बंद पडलं. मेकॅनिकचा पत्ता नाही, आणि वॉर्ड काही थांबत नाहीत. ओल्या चादरी आम्ही हातांनी पिळल्या, एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि उलट्या बाजूंनी फिरवायचं. जायच्या वेळी घडीताईची बोटं इतकी सुजली होती की तिला पर्सची चेन लावता येईना. मी लावून दिली.

ती घरी पोचली तेव्हा नवरा ओट्यापाशी उभा होता. हातात रिकामा डबा, उपडा धरलेला.

"अगं, डबा संपला," तो म्हणाला. "आणि खालची तर सगळी सादळलेली निघाली."

घडीताई खुर्चीवर बसली. चपला पायात तशाच.

"झाकण कोण उघडं टाकतं?" तिने विचारलं.

"उघडं कुठे? वर ठेवलेलं असतं की."

"लावलेलं नसतं."

"बरं, लावत जाईन. आता परत कधी करतेस?"

"करत नाही."

"आज कोण म्हणतंय? उद्या कर."

"उद्याही नाही. मी आता बिस्किटं करणार नाही."

त्याला वाटलं चेष्टा करतेय. मग तिचा चेहरा बघून तो डबा खाली ठेवून म्हणाला, "का? मी काय केलं?"

"तुम्ही काही नाही केलंत. तुम्ही जायचात म्हणून मी डबा भरायची. आता कुठे चाललायत? या खुर्चीवरून त्या खिडकीपर्यंत. तेवढ्याला डबा लागत नाही."

बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. पण उठून काही समजूत घालण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. नवरा बाहेरच्या खोलीत गेला. तिने मोरीत जाऊन हातांवर गार पाणी सोडलं आणि बराच वेळ तसंच सोडून ठेवलं.

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं उरलं. दूध संपलंय. फोन वाजतोय. पंखा बंद करू का. तो चहा स्वतःचा स्वतः करायला लागला. ओट्यासमोरची खुर्ची त्याने उचलून बाहेर नेली. घडीताई मला म्हणाली, "इतकी शांतता हवी होती मला, आणि आता ती मिळाली तर छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय."

तिच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, ती पलंगावर पडली होती. नवरा येऊन पायथ्याशी बसला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी फेरीवर निघायचो. दार लागायचं. त्यानंतर तू काय करायचीस?"

"काय करणार? भांडी घासायची."

"खरं सांग."

घडीताई छताकडे बघत म्हणाली, "आडवी व्हायची. पलंगावर, तिरकी. पोरगी शाळेत असायची. सगळा पलंग माझा. पोळ्या नाहीत, काही नाही, भूक लागली तर उरलेली मोडकी बिस्किटं खायची."

"बरं वाटायचं?"

"हो. बरं वाटायचं. तुम्ही जावं असं नाही वाटायचं कधी. पण गेल्यावर बरं वाटायचं."

तिला वाटलं आता हा उठून जाणार. तो बसूनच राहिला.

"मलाही वाटायचं," तो म्हणाला. "यार्डचं गेट ओलांडलं की. पहिल्या वळणावरच मी तुझा डबा उघडायचो. भूक नसायची. नुसतं मोकळं वाटायचं म्हणून खायचो. तुला कधी सांगितलं नाही. एवढी राबून डबा भरून देतेस, आणि तुला कसं सांगू की निघाल्याचा आनंद झालाय?"

घडीताई उठून बसली. "म्हणजे इतकी वर्षं आपण दोघंही?"

"दिसतंय तसं."

"मग आपला संसार कसा झाला म्हणायचा? चांगला की वाईट?"

त्याने खूप विचार केला. शेवटी म्हणाला, "मला नाही सांगता येत. तू झोप," आणि पलंगावरून उठला, तिला आडवं होता यावं म्हणून.

हे तिने मला सांगितलं तेव्हा आमच्या हातातली चादर तशीच मध्ये लोंबत राहिली. मागून मुकादम ओरडला तेव्हा भानावर आलो.

त्याच सुमारास लांब्या त्यांच्याकडे आला. लांब्या म्हणजे नवऱ्याच्या बरोबरीचा ड्रायव्हर, खरोखरच ताडासारखा, दारातून वाकून येणारा. त्यांच्या गाड्या पुष्कळदा पुढे-मागे चालायच्या आणि डब्यातला निम्मा वाटा लांब्याच्या पोटात जायचा. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, मोठ्या फेरीला निघालोय. एक डबा मिळाला असता तर..."

घडीताईने नवऱ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. माझ्याकडे बंद झालंय."

नवरा लालबुंद झाला. पण म्हणाला, "मिळेल. परवा येऊन ने."

दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना त्याने बिस्किटं केली. इतकी वर्षं बघून-बघून प्रमाण डोक्यात होतं, तेवढं बरोबर घेतलं. पण पीठ मळून झाल्यावर ते वाडग्यात तसंच, उघडं, फ्रीजमध्ये ठेवून दिलं आणि झोपला. शेजारी मासळी होती. लोणी ते, शेजारच्याचा वास धरणारच. भाजताना त्याला काही कळलं नाही, कारण त्याचं नाक डिझेलने केव्हाच मेलेलं. घडीताई घरी आली तोवर डबा भरून, बांधून तयार होता.

फेरीवरून परत आल्यावर लांब्या मुद्दाम घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. पण बिस्किटांत मासळी घालायची कल्पना कुणाची?"

घडीताई हसली. किती दिवसांनी, आणि अशी हसली की तिला भिंत धरावी लागली. नवरा आधी गोंधळला, मग लांब्याने परत आणलेला डबा नाकाशी नेऊन हुंगत बसला, आणि शेवटी तोही हसायला लागला. "मला तर काहीच येत नाही वास," असं तो म्हणायचा की लांब्या परत सुरू. मला सांगताना ती पुन्हा हसली आणि मीही. माझ्या हातून धुतलेली चादर ओल्या फरशीवर पडली. परत ड्रममध्ये टाकावी लागली.

यानंतर तिने काही बिस्किटं करायला घेतली नाहीत, हे मला आवडलं. पुढच्या सुट्टीला ती पडल्या-पडल्या, डोळे मिटून, त्याला नुसतं सांगत राहिली. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारायचा.

"वळकटी केली. आता?"

"बटर पेपरमध्ये गुंडाळा."

"गुंडाळली."

"आता प्लास्टिक. टोकं पिळा. वारं नको जायला."

"किती टिकेल?"

"खाली फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. फ्रीजरमध्ये महिना-दीड महिना काही होत नाही. पण पार मागे सारा. पुढे ठेवलंत तर दार उघडलं की वारं लागतं."

"आणि मासळी?"

"मासळीचं तोंड बांधा आधी."

"आधीची एक वळकटी आहे फ्रीजरमध्ये, ती काढलीये. लगेच कापू?"

"लगेच नको. दगड असताना सुरी घातली तर तुकडे पडतात. जरा थांबा, मग..."

बोलता-बोलता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून कपाटावर गेलं होतं, आणि नवरा अजून दारातच होता. सुरी हातात.

"मग काय?" त्याने विचारलं. "कापू का?"

वळकटी एव्हाना पार वितळून पसरली होती. ती परत थंड करत ठेवावी लागली.

आता सगळं छान झालं असं काही नाही. घडीताईची कंबर आहे तशीच आहे, आणि निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत. नवरा अजूनही "येऊ दे, येऊ दे" करतो, फक्त मध्येच जीभ चावतो. पण एक गोष्ट झाली. यार्डच्या कोठारात ताडपत्र्या, दोर आणि साखळ्या देण्या-घेण्याचं काम असतं. तिथला म्हातारा काम सोडून लेकाकडे राहायला गेला. लांब्याने मालकाच्या कानावर घातलं, की दोर मोजून द्यायला एक डोळा पुष्कळ होतो. मालकाने बोलावलं. नवरा त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. नवीन नवरदेवासारखा, असं घडीताई म्हणाली.

तो सकाळी तिच्याआधी निघतो आणि संध्याकाळी तिच्यानंतर येतो. जाताना डबा घेऊन जातो, स्वतः केलेला. ड्रायव्हर लोकांच्या खोलीत टेबलावर ठेवतो. बिस्किटं एकसारखी नसतात, काही जाड, काही कडेने काळी. पण शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात, कारण झाकण नुसतं टेकवून कुणी उठला की हा कोठारातून ओरडतो. लांब्या म्हणतो, तुझ्या डब्यापेक्षा गाडीची डिझेलची टाकी उघडणं सोपं.

आणि घडीताईला रिकामं घर मिळतं. फार वेळ नाही, तासभर. मी विचारलं, "काय करतेस त्या तासात?" म्हणाली, "काही नाही. चपला काढते. फरशीवर आडवी होते. पाय भिंतीला लावते वर. दिवाही लावत नाही."

"चहा?"

"तोही नाही."

मग तो येतो. त्याच्याकडे किल्ली असते, तरी तो दार वाजवतो आणि बाहेर उभा राहतो.

"किल्ली खिशात असताना?" मी म्हटलं.

"हो. मी सांगितलं नव्हतं. आपणहूनच करतात. कधी मी लगेच उठते," ती म्हणाली, "कधी तशीच पडून राहते थोडा वेळ. ते परत वाजवत नाहीत."